मुलींचे विज्ञान व गणित : प्राथमिक शाळेची जबाबदारी

मुलींनी शाळेत जावे की नाही, हा वाद नागपूर जिल्ह्यात पुष्कळ वर्षांपूर्वी मिटला. तो आपोआप मिटला नाही. कामठीच्या रेल्वेस्थानकावर ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी यांनी अक्षरओळख करून घेऊन नागपुरात दलित मुलींसाठी संत चोखामेळ्यांच्या नावाने शाळा काढली, तो काळ १९२० नंतरचा होय. त्यांच्यासारख्या अनेकांच्या कष्टांमुळे आज खेड्यातील मुलगी दप्तर घेऊन शाळेत निघाली, तर तिला कोणी अडवीत नाही. परंतु एक प्रश्न सुटला म्हणजे त्याच्या पोटातील दुसरा प्रश्न वर येतो. शाळेत आलेल्या मुलीच्या वाट्याला काय येते, हा तो दुसरा प्रश्न होय.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीतील २०२१-२२ या वर्षाचे आकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. विज्ञान शाखेत पदवी, पदव्युत्तर व संशोधन या पातळ्यांवर मिळून देशात सुमारे ५७.२ लाख विद्यार्थी होते व त्यांपैकी सुमारे २९.८ लाख मुली होत्या. म्हणजे मुलींची संख्या निम्म्याहून थोडी अधिकच होती. मुलींना विज्ञान झेपत नाही, या समजुतीला यानंतर आधार उरत नाही. अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांत मात्र मुलींचे प्रमाण एकतृतीयांशाच्याही आत होते. जेथे यंत्राशी झटापट करावी लागते व गणिताचा कस लागतो, तेथे मुलगी मागे राहते किंवा तिला मागे ठेवले जाते. हा फरक महाविद्यालयाच्या दारात निर्माण होत नाही. बारावीनंतर अर्ज भरताना जो निर्णय होतो, त्याची मुळे पहिली ते सातवीच्या वर्गांत रुजलेली असतात. म्हणून हा विषय प्रथमतः प्राथमिक शिक्षकाचा आहे.

एक जुने उदाहरण

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र आहे. १९९२ च्या मार्च महिन्यात ते सुरू झाले. जिल्ह्यातील पुष्कळ शाळा आपल्या सहली तेथे नेतात. ज्या डॉ. चंद्रशेखर वेंकट रमण यांचे नाव त्यास दिले आहे, ते १९१० च्या सुमारास सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत असताना काही काळ नागपूर येथे राहिलेले होते. पुढे त्यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधी महत्त्वाचा शोध लावला व १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन त्यांच्याच शोधाच्या स्मरणार्थ पाळला जातो. हे सर्व विद्यार्थ्यांना सांगितले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्याच रमणांच्या चरित्रातील एक प्रसंग शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमला भागवत ही विद्यार्थिनी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. तिचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. तिचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे ज्या संस्थेला लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत तेथे, शिकलेले होते. आपणही तेथेच संशोधन करावे असे कमलेच्या मनाने घेतले व तिने अर्ज केला. त्या वेळी रमण त्या संस्थेचे संचालक होते. अर्ज नामंजूर झाला. गुण कमी पडले असे कारण नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते.

कमलेने तो नकार मानला नाही. ती बंगळूरला गेली व प्रवेश मिळेपर्यंत येथून हलणार नाही, असा सत्याग्रहाचा पवित्रा तिने घेतला. अखेरीस प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानावयाचे नाही. मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणे रात्रीही काम करावयाचे. तिच्यामुळे प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. एका वर्षानंतर काम पाहून काय ते ठरावयाचे. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थिनीस अशी वर्षभराची उमेदवारी करावी लागली. त्याच दर्जाचा एखादा तरुण आला असता, तर त्याच्यापुढे ही अट कोणी ठेवली नसती.

श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाच्या अखेरीस रमणांचे समाधान झाले, त्यांना नियमित प्रवेश मिळाला आणि त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर स्त्रियांसाठीही उघडले. पुढे स्वतः रमणांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांत अण्णा मणी होत्या. हवामान खात्यात राहून हवामानमापनाची उपकरणे भारतात तयार व्हावीत यासाठी त्यांनी पुण्यात मोठे कार्य केले. एका मुलीने केलेल्या चोख कामामुळे एका थोर शास्त्रज्ञाची समजूत बदलली. परंतु ती मुलगी परत फिरली असती, तर ती समजूत खरी आहे असेच सर्वांना वाटत राहिले असते.

कमलाबाई १९३६ साली एम.एस्सी. झाल्या व नंतर इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात गेल्या. सजीवांच्या पेशींत श्वसनाची जी क्रिया चालते, तीत सायटोक्रोम-सी हा लोहयुक्त पदार्थ महत्त्वाचे काम करतो. बटाट्यावर काम करीत असताना हा पदार्थ वनस्पतींच्या पेशींतही असतो, असे कमलाबाईंनी दाखवून दिले. या संशोधनाबद्दल १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण-संशोधन प्रयोगशाळा व शेवटी मुंबईची विज्ञान संस्था येथे काम केले. १९४७ साली विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. नीरा, ताडगूळ व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवरील त्यांच्या कामाचा संबंध थेट गरिबांच्या ताटाशी होता. आदिवासी भागांतील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा उपयोग होऊ शकतो, हे त्यांनी अभ्यासून दाखविले व त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या. निवृत्तीनंतर ग्राहकांच्या हितासाठी व अन्नातील भेसळीविरुद्ध त्या झटत राहिल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

या चरित्रातील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कमलाबाईंच्या घरी वडील व चुलते शास्त्रज्ञ होते. बंगळूरला धरणे धरण्याचे बळ त्यांना त्या घराने दिले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील बहुतेक मुलींच्या घरी असे कोणी नाही. त्यांच्या बाबतीत वडिलांचे व चुलत्यांचे ते काम शिक्षकालाच करावे लागते.

उमेदवारीची अट वर्गात कशी शिरते

बंगळूरच्या संस्थेने जी अट घातली, तीच अट आजच्या वर्गातही न बोलता घातली जाते. परिसर अभ्यासाच्या तासाला टेबलावर बॅटरीचा सेल, तार व लहान बल्ब ठेवला आहे. गटातील मुलगा पुढे होऊन तार जोडतो व बल्ब लावतो. मुलगी बाजूस उभी राहून पाहते आणि नंतर वहीत त्या मंडलाची सुबक आकृती काढते. शिक्षक दोघांनाही शाबासकी देतात. मुलाला ‘हुशार आहेस’ म्हणतात व मुलीला ‘अक्षर छान आहे’ म्हणतात. शिक्षकाच्या मनात भेदभाव नसतो, तरीही त्या दिवशी एकाने विज्ञान केलेले असते व दुसरीने ते उतरवून घेतलेले असते.

गणिताच्या तासाला मुलगा फळ्यावर चुकला, तर त्याला ‘लक्ष दे, पुन्हा कर’ असे सांगतात. मुलगी चुकली, तर पुष्कळदा ‘असू दे, बस’ असे म्हणतात. हे बोलणे कनवाळूपणाचे असते. परंतु त्या कनवाळूपणातून मुलीला एवढेच समजते की, तिच्याकडून ही गोष्ट होईल अशी गुरुजींची अपेक्षाच नाही.

मुलांच्या मनावर याचा परिणाम किती लवकर होतो, याचा अभ्यास निरनिराळ्या देशांत झाला आहे. ‘शास्त्रज्ञाचे चित्र काढा’ असे बालकांना सांगून केलेली एक पाहणी डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने १९८३ साली प्रसिद्ध केली. तीत पाहिलेल्या ४,८०७ चित्रांपैकी केवळ २८ चित्रांत स्त्री-शास्त्रज्ञ होती आणि ती सर्व मुलींनी काढलेली होती. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की, पाच वर्षांच्या मुली व मुले दोघेही आपापल्या बाजूस ‘फार हुशार’ समजतात. परंतु सहाव्या-सातव्या वर्षी मुली ते विशेषण स्वतःच्या बाजूस लावण्यास कचरू लागतात आणि ‘हा खेळ फार हुशार मुलांसाठी आहे’ असे सांगितलेल्या खेळात त्यांचे मन कमी रमते.

२०२५ साली फ्रान्समधील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचवीस लाखांहून अधिक मुलामुलींची चाचणी त्यात पाहिली होती. पहिलीत प्रवेश करताना गणितात मुलगे व मुली यांत जवळजवळ फरक नव्हता. चार महिन्यांच्या शाळेनंतर मुलगे पुढे गेलेले दिसले व वर्षभरात हे अंतर वाढले. हा फरक वयाबरोबर वाढण्यापेक्षा शाळेत घालविलेल्या दिवसांबरोबर वाढत होता. देश दूरचा आहे व तेथील शाळा निराळ्या आहेत. तरी मुलगी गणितात जन्मतः कच्ची नसते, ती शाळेत कच्ची होऊ शकते, एवढा बोध कोणत्याही शिक्षकाने घ्यावा असा आहे.

उलट बाजूची उदाहरणेही विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास दूर जावे लागत नाही. पुढच्या दहा चाली मनात मांडून पाहणे हे मुलींचे काम नव्हे, असे कोणास वाटत असेल, तर नागपूरच्याच दिव्या देशमुख हिने २०२५ साली महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकून त्याचे उत्तर दिले आहे. भारताच्या चांद्रयान-२ या मोहिमेत २०१९ साली प्रकल्प-संचालक एम. वनिता व मोहीम-संचालक रितू करिधाल या दोघीही स्त्रिया होत्या.

वर्गात काय करावे

यासाठी निराळा तास, निराळा निधी किंवा निराळे पुस्तक लागत नाही. नेहमीच्या अध्यापनात पुढील गोष्टी सांभाळल्या, तरी पुष्कळ साधेल.

१. साहित्य मुलीच्या हाती द्यावे. प्रत्येक गटात जोडणारा, मोजणारा, लिहिणारा व सांगणारा अशी कामे वाटून द्यावीत व ती दर आठवड्यास बदलावीत. लिहिण्याचे काम कायम मुलीकडे व जोडण्याचे काम कायम मुलाकडे राहणार नाही, याची नोंद शिक्षकाने टाचणवहीत ठेवावी. सेल, तार व बल्ब यांचा प्रयोग प्रत्येक मुलीने स्वतःच्या हाताने एकदा तरी करावा. घरातील विजेच्या जोडणीला हात लावावयाचा नाही, ही सूचना मुलगे व मुली दोघांनाही सारखीच द्यावी.

२. मोजण्याची सवय लावावी. विज्ञानाचा आरंभ मोजण्यापासून होतो. शाळेच्या पटांगणात मीटरभर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करावी व दुपारी बारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करावी. नागपुरात सूर्य सुमारे सव्वाबाराला सर्वांत उंच येतो. जूनअखेर शाळा सुरू झाल्यावर ऊन पडेल त्या दिवशी हा प्रयोग केला, तर माध्यान्हीची सावली जेमतेम तीन-चार सेंटिमीटर भरेल व ती दक्षिणेकडे पडलेली दिसेल. कारण मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य नागपूरच्या किंचित उत्तरेस असतो. जुलैच्या मध्यानंतर सावली उत्तरेकडे वळेल व २२ डिसेंबरच्या सुमारास ती जवळजवळ काठीएवढीच लांब होईल. ही वही वर्षभर मुलींच्या गटाकडे सोपवावी. सूर्य नेहमी दक्षिणेकडून जातो असे गृहीत धरणाऱ्या मोठ्या माणसाला ‘नाही, जूनमध्ये तो उत्तरेस असतो, आम्ही मोजले आहे’ असे मुलगी सांगू शकली, की तिने विज्ञानाच्या प्रांतात पाऊल टाकले, असे समजावे.

३. कमलाबाईंचा वारसा वर्गात आणावा. बटाट्याची फोड, भात व थंड केलेले दूध घेऊन त्यांवर टिंक्चर आयोडीनचे एक-दोन थेंब टाकावेत. बटाटा व भात निळे-काळे होतात, कारण त्यांत पिष्ट असते. शुद्ध दूध तसे होत नाही. त्यात पीठ मिसळले असेल, तर ते निळसर होते. तपासलेले पदार्थ लगेच टाकून द्यावेत. भेसळ ओळखण्याची ही साधी रीत मुलांनीही शिकावी. स्वयंपाकघरातील विज्ञान तेवढे मुलींचे व विजेचे-यंत्राचे विज्ञान मुलांचे, अशी वाटणी चुकूनही होऊ देऊ नये.

४. गणित ओळखीच्या जगातून शिकवावे. कापूस वेचणीच्या दिवसांत आईने सकाळी १८ किलो व दुपारी १४ किलो कापूस वेचला, किलोमागे दर अमुक, तर दिवसाची मजुरी किती, हे उदाहरण अनेक मुलींच्या घरचेच असते. संत्र्यांच्या बागेत एका झाडावरील गळालेली फळे रोज मोजून त्यांचा तक्ता केला, की सरासरी व शेकडेवारी आपोआप समजते. आपल्या आईची मजुरी बरोबर मोजता येणे हे मुलीच्या दृष्टीने गणिताचे खरे मोल होय. पुढे सूत्रे व समीकरणे आली, म्हणजे हा विश्वास तिच्या कामी येतो.

५. चुकीला घाबरू देऊ नये. मुलगी चुकली म्हणजे तिला बसविण्याऐवजी ‘कोठे चुकले ते तूच शोध’ असे सांगून वेळ द्यावा. प्रश्न विचारल्यावर पहिला हात वर करणाऱ्यास लगेच उत्तर देऊ न देता क्षणभर थांबावे. उत्तर ठाऊक असूनही हात वर न करणाऱ्या मुली पुष्कळ असतात. शाबासकी देताना मुलीच्या अक्षरापेक्षा तिच्या विचाराची स्तुती करावी. ‘ही रीत तुला कशी सुचली?’ हा प्रश्न सर्वांत मोठी शाबासकी होय.

६. शिक्षिकांनी स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका व त्यांच्या वर्गांतील मुले पाहिली होती. ज्या शिक्षिकांना गणिताची धास्ती अधिक होती, त्यांच्या वर्गांतील मुलींपैकी अनेकींच्या मनात वर्षअखेरीस ‘गणित मुलांचे, वाचन मुलींचे’ ही समजूत शिरली होती व त्या मुली गणितात मागे पडल्या होत्या. मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. यात शिक्षिकांना दोष देण्यासारखे काही नाही. त्यांनाही कोणी तरी लहानपणी ‘असू दे, बस’ असेच म्हटलेले असते. ‘मलाही गणित कधी जमले नाही’ हे वाक्य मात्र वर्गात उच्चारू नये. जे उदाहरण अडते, ते मुलींसमोरच सोडवून पाहावे. शिक्षिका अडते, विचार करते व वाट काढते, हे पाहणे मुलीस फार उपयोगी पडते.

७. गैरहजेरी भरून काढावी. गणित हा जिन्यासारखा विषय आहे. मधली पायरी सुटली, की वरची चढता येत नाही. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी, शेतीच्या हंगामात किंवा सहावी-सातवीपासून मासिक पाळीच्या दिवसांत मुली घरी राहतात. महिन्यात चार दिवस बुडाले, तर वर्षात किती धडे सुटतील, याचा हिशेब सहज करता येईल. शाळेत स्वच्छ व पाणी असलेले स्वच्छतागृह असणे हा अशा रीतीने गणिताच्या अध्यापनाचाही भाग ठरतो. परत आलेल्या मुलीस ‘वही उतरवून घे’ एवढेच न सांगता सुटलेली पायरी पंधरा मिनिटे बसवून शिकवावी.

घर व गाव

पालकांच्या मनातील शंका दोन असतात. मुलीने विज्ञान घेतले तर खर्च किती, ही एक; आणि शिकून ती जाणार कोठे, ही दुसरी. या शंका रास्त आहेत व त्यांना उपदेशाने उत्तर देता येत नाही. माहिती द्यावी लागते.

पाचवीपासून पुढे ग्रामीण भागातील मुलींना शाळेस जाण्यायेण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो. आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाल्यास नववी ते बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात. नवेगाव खैरी येथील जवाहर नवोदय विद्यालयात सहावीत प्रवेश होतो व त्यात किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात. सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठी ‘इन्स्पायर-मानक’ या योजनेत निवड झालेल्यास प्रतिकृती तयार करण्याकरिता १०,००० रुपये दिले जातात. येथे शाळेने नाव पाठवावे लागते, म्हणून पाठविलेल्या नावांत मुली आहेत की नाहीत, हे मुख्याध्यापकांनी पाहावे. २०२४-२५ पासून राज्यात ठरावीक प्रवर्गांतील व उत्पन्नमर्यादेतील मुलींना अभियांत्रिकीसह व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. आयआयटीसारख्या संस्थांत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण करण्यात आल्या.

दुसऱ्या शंकेचे उत्तर गावाच्या आसपासच मिळते. पाणी व पर्यावरण यांवर काम करणारी ‘नीरी’, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, वाडी येथील ॲल्युमिनियम संशोधन केंद्र, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व १९०६ पासून चालत आलेली नागपूरची विज्ञान संस्था ही सर्व या जिल्ह्यातच आहेत. ज्या कापसाची व संत्र्याची शेती आईवडील करतात, त्याच पिकांवरील संशोधन जवळच चालते, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असतात. समितीच्या सभेत किंवा माता-पालकांच्या मेळाव्यात एखाद्या मुलीने सावलीचा प्रयोग किंवा दुधाची परीक्षा करून दाखवावी. मुलीची योग्यता शिक्षकाने दहा वेळा सांगण्यापेक्षा ती आईने एकदा डोळ्यांनी पाहणे अधिक परिणामकारक होते.

उपसंहार

२०२३ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात भरले. त्या विद्यापीठाचे ते शताब्दी वर्ष होते. अधिवेशनाच्या मुख्य विषयात महिलांच्या सबलीकरणाचा समावेश होता आणि आरंभाचा दिवस ३ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस होता. असे योग उत्साह देतात. परंतु मुलीचे विज्ञान अधिवेशनात घडत नाही. ते गावच्या शाळेत, सेल व तार कोणाच्या हाती जाते यावर घडते.

पुढच्या वेळी शाळेची सहल रमण विज्ञान केंद्रात जाईल, तेव्हा रमणांच्या शोधाबरोबर कमला भागवत या विद्यार्थिनीची हकीकतही विद्यार्थ्यांना सांगावी. थोर माणसाचीही एखादी समजूत चुकीची असू शकते आणि पुरावा समोर आल्यावर ती बदलता येते, ही विज्ञानाचीच शिकवण आहे. कमलाबाईंना वर्षभर उमेदवारी करावी लागली, कारण त्यांच्या योग्यतेवर आधी विश्वास ठेवण्यास कोणी तयार नव्हते. जिल्ह्यातील शाळेत आलेल्या मुलीला ती उमेदवारी करावी लागू नये. ती करू शकेल असे पहिल्या दिवसापासून गृहीत धरून शिकविणे, हेच या बाबतीत प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य होय.